डा म्हणजे पाणी

2025 चा एप्रिल ते जुलै आमच्या दहावीच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुसरा विषयच नव्हता. 16 एप्रिलला जीआर आला की पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य, मग बोंबाबोंब, मग 17 जूनला सुधारित जीआर, त्यात ‘अनिवार्य’ गेलं आणि ‘सर्वसाधारणपणे’ आलं, हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा पाहिजे असेल तर वर्गात किमान 20 पोरं तयार पाहिजेत म्हणे. (ज्याने हे लिहिलं त्याने आमची दोन-शिक्षकी शाळा कधी बघितली नसणार, आख्ख्या शाळेत पोरं 34.) 29 जूनला दोन्ही जीआर रद्द, तिसऱ्या भाषेचं काय करायचं ते ठरवायला डॉ. नरेंद्र जाधवांची समिती, 5 जुलैला वरळीला ठाकरे बंधूंचा मेळावा, आणि ग्रुपवर हे सगळं दर दहा मिनिटाला फॉरवर्ड होऊन येतंय. कुणी म्हणे भाषा जितक्या जास्त तितकं चांगलं, मेंदू तल्लख होतो. कुणी म्हणे सहा वर्षांच्या पोरावर तीन भाषा म्हणजे अत्याचार. आणि शेवटी सगळे मिळून माझ्यावर, अरे तू मास्तर ना, तू बोल की!

मी तीन दिवस काही बोललो नाही. बोलणार काय, मला सारखी धारणी आठवत होती.

2004 ला शिक्षणसेवक म्हणून लागलो तेव्हा मानधन तीन हजार रुपये आणि पोस्टिंग अमरावती जिल्हा, धारणी तालुका. आम्ही सातारकडचे. घरात कुणी नागपूरसुद्धा बघितलं नव्हतं, आई म्हणाली अमरावती म्हणजे देवीचं गाव, चांगलंय. परतवाड्यापर्यंत तिचं म्हणणं बरोबर वाटत होतं, त्यानंतर एसटी घाटाला लागली, सेमाडोह, हरिसाल, दोन्हीकडे साग आणि बांबू, आणि गाडीत बसलेली माणसं जे बोलत होती त्यातला एक शब्द मला कळेना. म्हणजे कानडी कळत नाही तसं नाही हो, कानडीत निदान अधूनमधून ओळखीचा शब्द सापडतो. हे काहीतरी पार वेगळंच होतं.

ती कोरकू. नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही मुंडा कुळातली भाषा आहे, तिकडं झारखंडच्या संथाळी-मुंडारीची बहीण, आणि त्या कुळातली सगळ्यात पश्चिमेला राहिलेली. मराठी-हिंदीशी रक्ताचं नातं नाही, तेलुगू-कानडीशीही नाही. 2011 च्या जनगणनेत कोरकू बोलणारे सव्वासात लाखांच्या आसपास, काही आपल्याकडे, मुख्यतः धारणीच्या मेळघाटात, आणि बाकीचे सातपुड्यापलीकडे मध्य प्रदेशात. तिची ती बहीण संथाळी, ती 2003 ला घटनेच्या आठव्या अनुसूचीत जाऊन बसली, कोरकू बाहेरच आहे. हे सगळं मला जायच्या आधी कुणीतरी सांगायला पाहिजे होतं असं आता वाटतं. माझ्या ऑर्डरीवर शाळेचं नाव होतं, केंद्राचं नाव होतं, रुजू व्हायची मुदत होती, पोरं कुठली भाषा बोलतात याबद्दल एक अक्षर नव्हतं.

पहिल्या दिवशी वर्गात गेलो आणि म्हणालो, पाटी काढा. चौदा पोरं माझ्याकडं बघत बसली. मी मोठ्यानं म्हणालो, पाटी काढा. मग अजून मोठ्यानं. (न कळणाऱ्या माणसाशी आपण मोठ्यानं का बोलतो कुणास ठाऊक, त्याला ऐकू येत नसतं थोडंच.) शेवटी तिसरीतली एक पोरगी दारातून डोकावली, दोन शब्द काय ते बोलली आणि चौदाच्या चौदा पाट्या बाहेर. पुढचे चार महिने ती पोरगी माझी दुभाषी होती. आठ वर्षांची. तिचा स्वतःचा अभ्यास त्या चार महिन्यांत किती झाला असेल हे मी तेव्हा डोक्यातसुद्धा आणलं नाही.

आता ग्रुपवरच्या चर्चेत हे कसं बसवायचं ते मला समजेना. कारण तिथं सगळे गृहीत धरून चालले होते की पहिलीत पोराच्या घरची भाषा मराठी, शाळेची भाषा मराठी, इंग्रजी 2000 सालापासून पहिलीपासून आहेच, आता हिंदी घुसवतायत, म्हणजे तीन. धारणीच्या पोराचा हिशोब करा की. घरी कोरकू. धारणीच्या बाजारात हिंदी, कारण बऱ्हाणपूर-खंडवा जवळ, व्यापारी हिंदीच बोलतो. शाळेत मराठी. आणि पहिलीपासून इंग्रजी. चार भाषा तर जीआरच्या आधीच होत्या, आणि त्यातली जिच्यातून तो जग ओळखायला शिकला ती तेवढी शाळेत नाही. या पोरावर मराठी ही सक्तीची दुसरी भाषा आहे, आणि तीही विषय म्हणून नाही, गणित मराठीत, परिसर अभ्यास मराठीत, शिव्या खायच्या त्या मराठीत. याला आपण सक्ती म्हणत नाही, याला आपण शाळा म्हणतो. हीच गोष्ट गडचिरोलीत भामरागडला माडिया पोराची, नंदुरबारात धडगावला पावरी पोराची. घटनेत 350-क कलम आहे, 1956 पासून आहे, भाषिक अल्पसंख्याकांच्या पोरांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळावं म्हणून राज्याने सोय करावी असं लिहिलंय त्यात, डीएडला ते मी पाठ करून मार्क मिळवले होते.

आणि मी काय केलं ते पण सांगतो, लपवून काय उपयोग. पहिल्या वर्षी मी नियम केला, शाळेत कोरकू बोलायचं नाही. मला वाटायचं यानेच मराठी लवकर येईल. इंग्लिश मीडियमवाले मराठी बोलल्यावर दंड घेतात म्हणून आपण संतापतो ना, तोच नियम, फक्त दंड नव्हता, डोळे वटारणं होतं. परिणाम झटकन झाला. वर्ग एकदम शांत. एकदा तपासणीला एक साहेब आले, म्हणाले व्वा, शिस्त चांगली आहे. मी खूश. शांत बसलेल्या पोरांना बोलायला भाषाच ठेवली नव्हती मी, पण शेरेबुकात शेरा चांगला पडला.

मग पावसाळ्यातला एक दिवस. पहिलीतलं एक पोर सकाळपासून चुळबुळ करत होतं. दोनदा उठलं, दोनदा मी बसवलं. दुभाषी पोरगी त्या दिवशी आली नव्हती. त्याला सांगायचं होतं काहीतरी, पण कोरकूत सांगितलं तर गुरुजी ओरडणार आणि मराठीत सांगायला शब्द नाही, तर त्याने काहीच सांगितलं नाही आणि बसल्या जागी चड्डी ओली केली. मी आधी चिडलो. खरंच चिडलो, घाण केली म्हणून. पोर रडलंसुद्धा नाही, नुसतं खाली बघत राहिलं. संध्याकाळी खोलीवर भात टाकताना ते डोळ्यासमोर आलं आणि भात करपला.

दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही काढली. मधल्या सुट्टीत पोरांना गोळा केलं, पाण्याच्या मडक्याकडं बोट दाखवलं. डा, म्हणाली पोरं. डा म्हणजे पाणी. वहीत पहिला शब्द तो. घराला ऊरा. खाण्याला जोम. मिया, बारी, आफाई, उफून, मोनोई, एक ते पाच. माझा उच्चार ऐकून पोरं जी हसली, जी हसली, मी आल्यापासून पहिल्यांदा त्या वर्गात आवाज आला. जी पोरं माझ्यासमोर तोंड उघडत नव्हती ती माझ्या चुका काढायला एकमेकांच्या अंगावर पडत होती, आणि चुका काढता काढता त्यांना मराठी यायला लागलं, कारण मला समजावून सांगायचं तर मराठीचाच आधार घ्यावा लागायचा ना.

भाषा म्हणून मला तिचं भारी कौतुक वाटायला लागलं. कोरो म्हणजे माणूस, त्याला ‘कू’ लावलं की अनेकवचन, कोरकू म्हणजे माणसं, झालं, जमातीचं नावच ते. दोघांसाठी वेगळं द्विवचन आहे. संस्कृतात द्विवचन आहे म्हणून शाळेत आमचे सर टेबलावर हात आपटून आपटून सांगायचे की बघा केवढी सूक्ष्म भाषा, आणि इथं ढोरं राखणारी बाई दिवसभर द्विवचनात बोलत होती आणि तिला गावठी भाषा म्हणायचे. आणखी एक, आपल्याकडं ‘आम्ही’ वेगळं आणि ‘आपण’ वेगळं, ऐकणाऱ्याला धरून की सोडून, हिंदीत दोन्हीला ‘हम’ आणि इंग्रजीत दोन्हीला ‘वी’. कोरकूत तो फरक आहे. आपल्यासारखाच. पोरांना मराठीतलं आम्ही-आपण शिकवायला मला पाच मिनिटं लागली नाहीत.

‘तुम्ही’ मात्र जाम अवघड गेलं. मी ऐकली त्या कोरकूत समोर एकटा माणूस असला की त्याला ‘आम’, मग ते शेंबडं पोर असो की गावचा पाटील. त्यामुळं मराठीत बोलताना पोरं सगळ्यांना ‘तू’ म्हणायची. गुरुजी, तू कवा आला? तू जेवला का? मला सुरुवातीला खटकायचं, नंतर सवय झाली, नंतर आवडायला लागलं. पण एकदा एका मोठ्या साहेबांना पहिलीतल्या पोराने विचारलं, तू कोण? साहेबांचा चेहरा पडला, मला बाजूला घेऊन म्हणाले संस्कार कमी पडतात तुमचे. व्याकरण समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही.

होळीला गावच बदलायचं. दिवाळीनंतर कामाला बाहेर गेलेली माणसं होळीला काही झालं तरी परत येणार, चार-पाच दिवस नाच, रस्त्यावर दोरी धरून फगवा मागणार, एसटीवाल्यालाही सोडणार नाहीत. माझ्याकडूनही घ्यायचे. मी मिया, बारी करत नाणी मोजून दिली की म्हाताऱ्या खो खो हसायच्या.

बरं, मी काय फार मोठा तीर मारला नाही हां. आठ वर्षांत वही भरली नाही. तीन-साडेतीनशे शब्द, मोडकीतोडकी वाक्यं, दुखतंय का, भूक लागली का, घरी कोण आहे, इथपर्यंत. पोरांच्या पातळीचं बोलणं कळायचं, मोठी माणसं आपसात बोलायला लागली की संपलं. नियमित झाल्यावर आदिवासी भागात काम करतो म्हणून 6 ऑगस्ट 2002 च्या जीआरप्रमाणे प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळायला लागली, तिकडच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला या जीआरची तारीख स्वतःच्या पोराच्या वाढदिवसासारखी पाठ असते. भत्ता जंगलात राहण्याचा होता. कोरकू येते का असं मला आठ वर्षांत कुणीही विचारलं नाही, ना साहेबांनी ना संघटनेनं. आणि गंमत म्हणजे सरकारी नोकराला भाषेची सक्ती नाहीये असं नाही. दहावीला विषय नसेल तर एतदर्थ मंडळाची मराठीची परीक्षा द्या, हिंदीची द्या. बाहेरून महाराष्ट्र केडरला आलेल्या आयएएसला मसुरीला मराठी शिकवतात, त्याची परीक्षा घेतात. म्हणजे जिथं जाऊन राज्य करायचं तिथली भाषा यायला पाहिजे हे तत्त्व कागदावर मान्यच आहे. ते मुंबईपासून निघतं आणि परतवाड्याला येऊन थांबतं.

माझी भाची लग्न करून जर्मनीला गेली. जायच्या आधी जर्मन भाषेची ए-वन, म्हणजे पहिल्या पायरीची, परीक्षा पास व्हा, मगच बायको म्हणून व्हिसा. पुण्याला मॅक्सम्युलर भवनला जायची, पहिल्या वेळी नापास झाली, फोनवर रडली, मामा लग्न झालंय ना माझं, माझ्या नवऱ्याकडं जायला मला परीक्षा कशाला? मला पटलं तिचं. डेर, डी, डास, आपल्या तो, ती, ते सारखीच तीन लिंगं, पण जुळतील तर शप्पथ. मुलगी त्यांच्याकडं नपुंसकलिंगी! मी म्हणालो अगं गोव्यात कोंकणीतसुद्धा पोरीला ‘तें चेडूं’च म्हणतात, त्यात काय, तर म्हणाली मामा तू परीक्षा दे माझ्या जागी. तिकडं गेल्यावर परत कोर्स, 600 तास भाषेचे आणि वर 100 तास त्यांचा कायदा, इतिहास, समाज. कटकट करत केला. आता ती तिथल्या शेजारणीशी भांडते जर्मनमध्ये, आणि भांडता आलं म्हणजे भाषा आली असं माझं मत आहे.

सक्ती तिच्यावर पण झालीच. पण ती मोठी होती, ती तिथं गेली होती, आणि सक्ती करणाऱ्याने वर्ग उघडून दिला होता. मेळघाटचं पोर कुठंच गेलं नव्हतं. ते आपल्या ऊरात, घरात, बसलं होतं, मराठी त्याच्या दारात आली, सोबत मला घेऊन. दोघांपैकी प्रवास करून गेलेला मी, पगारी मी, तेवीस वर्षांचा डीएड झालेला मी, आणि परकी भाषा शिकायची जबाबदारी सहा वर्षांच्या पोरावर.

तर मी चौथ्या दिवशी ग्रुपवर एवढंच टाकलं की सक्ती करायची असेल तर जाणाऱ्यावर करा, पोरांवर नको, आणि पहिली सक्ती मास्तरांवर करा. त्यावर एकाने लगेच अंगठा दिला, बरोबर, हेच आम्ही म्हणतो, मुंबईत येणाऱ्याने मराठी शिकलीच पाहिजे. मी म्हणालो हो, शिकलीच पाहिजे, मी त्याच्याशी शंभर टक्के सहमत आहे. दुकान टाकून वीस वर्षं झाली तरी गिऱ्हाईकाला ‘काय पाहिजे’ विचारता येत नाही ही लाज आहे. (त्यावरून कानफटात मारणं ही वेगळी लाज आहे, पण तो विषय सुरू केला की ग्रुप बंद पडतो.) मग मी विचारलं, आपल्यातले तिघं गडचिरोलीला नोकरी करून आले, एक वनखात्यात, एक महसुलात, एक बँकेत, गोंडी किती शिकलात? निळ्या खुणा आल्या, उत्तर आलं नाही. नंतर बँकवाल्याने लिहिलं, अरे तिथं सगळ्यांना मराठी येतं की. हे वाक्य मी आधी कुठंतरी ऐकलं होतं. मुंबईतला दुकानदारही हेच म्हणतो, यहाँ सबको हिंदी आती है.

माझ्या मामांचं एक सांगायचं राहिलं. ते निपाणीचे, सीमाभागातले, कन्नडसक्तीविरुद्धच्या मोर्चांत असायचे. कर्नाटकात कन्नडला पहिलं स्थान द्या म्हणून झालेल्या 1982 च्या गोकाक आंदोलनाचा विषय काढला की अजून तावातावाने बोलतात. पोरांना मराठी शाळेत घालून वर कन्नडचा पेपर द्यावा लागतो म्हणून त्यांनी कर्नाटक सरकारला किती शिव्या दिल्या त्याला गणती नाही. आणि हेच मामा बाजारात तंबाखूचा सौदा कानडीत करायचे, कन्नड हिरो राजकुमारचे पिक्चर बघायचे, आणि खूप हसायचं असेल तर त्यांना कानडीच विनोद आठवतात. मी एकदा म्हणालो, मामा तुम्हाला तर भाषा आवडते. म्हणाले, भाषेशी भांडण कुणाचं आहे रे? ती मी शिकलो आणि ती शिकवतात, यात फरक आहे. मला तेव्हा ते वकिली बोलणं वाटलं होतं. माझी स्वतःची हिंदीची गोष्ट तशीच निघाली. पाचवी ते दहावी हिंदी सक्तीची होती, मार्क बरे पडायचे, पत्रलेखन पाठ. हिंदी आली ती धारणीच्या बाजारात, मिठाचा भाव करताना.

2012 ला आंतरजिल्हा बदली झाली, घरी आलो. वही कुठंतरी माळ्यावर असेल. आता ज्या शाळेत आहे तिथं वीटभट्टीवरची चार पोरं आलीत, घरी काय बोलतात मला माहीत नाही, विचारायला पाहिजे हे मला पावसाळा संपता संपता सुचलं, म्हणजे बघा.

मागच्या होळीला धारणीहून फोन आला. ते पोर, चड्डीवालं. आता पंचविशी ओलांडली असेल, चाकणला कंपनीत आहे, सणाला गावी आला होता. मराठी इतकं स्वच्छ की मीच चाचरलो. गुरुजी तुम्ही कसे आहात, तब्येत बरी आहे ना तुमची, तुम्ही एकदा या इकडे. प्रत्येक वाक्यात तुम्ही. मी म्हणालो, अरे मला अजून मोजता येतं ऐक, मिया, बारी, आफाई, उफून, मोनोई, आणि सहाला अडलो. तो हसला, म्हणाला असू द्या गुरुजी. मग आईला फोन दिला. त्या भराभर बोलत होत्या, मागं ढोल वाजत होता, मला ‘आम’ ऐकू आलं, दोनदा ‘जोम’ ऐकू आलं, बाकी काही नाही. मी नुसतं हो हो करत होतो. थोड्या वेळाने त्यांच्याही लक्षात आलं असावं, फोन परत पोराकडं गेला, आणि तो मला सांगायला लागला आई काय म्हणत होती ते.